तंबोरा किती लांब

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी मला चालून दाखवायला सांगितलं.

लाखांदूरच्या शाळेत माझी नवी नेमणूक होती. भंडाऱ्याहून रोज एसटीने जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. एका निवृत्त इंजिनिअरच्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे, असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं. ती बहुतेक रिकामीच असते, हेही सांगितलं. मी पोचले तेव्हा ते अंगणात उभे होते. उंच, वाळकुडे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. नमस्कार झाल्यावर म्हणाले, "मॅडम, वर जा आणि खोलीभर चाला. घरी चालता तशाच चाला. मुद्दाम हळू नोका चालू."

मी वर जाऊन चालले. खाली येऊन पाहते तर ते एका खोलीत टेबलापाशी वाकून उभे होते आणि टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास होता. नजर पाण्यावरच ठेवून ते म्हणाले, "तुम्ही टाच आधी टेकवता."

घर बघायला गेलं की माणसं आडून आडून आडनाव विचारतात. यांनी आडनाव विचारलं नाही, टाच बघितली. तरी परीक्षेत नापास झाल्यासारखी मी घाबरले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "द्या बापा खोली. पोरगी शिकून घेईन चालाचं."

अशी मी त्या घरात राहायला गेले, त्या दोघांना काका-काकू म्हणू लागले, आणि पुढची काही वर्षं चवड्यांवर चालले.

त्या टेबलावर एरवी रेकॉर्ड प्लेअर असायचा. काकांकडे शास्त्रीय संगीताच्या भिंतभर तबकड्या होत्या. सगळ्या उभ्या ठेवलेल्या, एकमेकींना रेलू न देता. गवई मोठा आहे म्हणून तबकडी घ्यावी, हे त्यांना मान्य नव्हतं. गाणं चांगलं पाहिजे आणि ते माइकने धरलेलंही चांगलं पाहिजे. एका फार नावाजलेल्या गायकाची तबकडी त्यांनी मला जेमतेम ऐकवली आणि सुई उचलली. "माणूस देवासारखा गाऊन राहिला, अन् माइकवाल्यानं त्याले पिंपात बसवला." उलट एका सरोदवाल्याची, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं आणि जो त्यांच्याही मते बेताचाच होता, ती तबकडी ते पाहुण्याला लाडू द्यावा तशी ऐकवायचे. "आता आयका. तबला उजव्या अंगाले, हातभर मागं. तंबोरा पार मागच्या भिंतीपाशी. तंबोरा किती लांब आहे हे समजलं पाहिजे. मग खोली दिसते."

मला खूप दिवस काही दिसलं नाही. मी आपली मान हलवायची. मग एका दुपारी ती खोली खरंच दिसली. डोळे मिटले होते आणि तीन माणसं तीन जागी बसलेली स्पष्ट कळत होती. मी तसं म्हटलं, तेव्हा ते हसले नाहीत. काळजीच्या सुरात म्हणाले, "आता तुमाले रेडिओ आवडणार नाही."

काळजी हा त्यांचा स्वभावच होता. ते पाटबंधारे खात्यात होते. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांची बदली त्या बाजूला लागली. त्यांनी जाऊन तो रस्ता पाहिला, परत आले आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्या रस्त्याने तबकड्या धड पोचल्या नसत्या. हे कारण त्यांनी वरिष्ठांना तोंडी सांगितलंही, असं काकू म्हणायच्या. साहेबांना ती थट्टा वाटली.

तबकडी लावण्याआधी ते व्होल्टेज बघायचे. शेतांतले मोटरपंप सुरू असले की वीज दबते, प्लेअर मंद फिरतो आणि गाणारा आपल्या सुरातून खाली उतरतो. "चांगला गवई आमच्या घरी येऊन बेसूर होते, ह्याचं पाप कोणाले?" असं म्हणून ते झाकण लावून टाकायचे. गल्लीच्या टोकाला धानाची गिरणी होती. ती सुरू असली की जमीन बारीक थरथरायची. आपल्याला कळायचं नाही, सुईला कळायचं. त्यामुळे गिरणीची सुट्टी तीच या घराची मैफल. दिघोरीहून त्यांचे धाकटे भाऊ यायचे. जय भीम, चहापाणी झालं की बिचारे दाराशी उभे राहून थोडं ऐकायचे आणि विचारायचे, "दादा, थे बाई रडून काहून राहिली?" काका म्हणायचे, "रडून नाही राहिली. शोधून राहिली." भावाचं समाधान व्हायचं नाही, पण तो मान द्यायचा.

तबकड्या यायच्या भंडाऱ्याहून. तिथे पितळी भांड्यांचा एक व्यापारी होता. जुन्या घरांतली मोड विकत घेताना कधी कधी भांड्यांबरोबर तबकड्याही यायच्या, त्या तो काकांसाठी बाजूला ठेवायचा. त्या घेऊन काका एसटीने परत येत. मी एकदा सोबत होते. पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली नाही. दोन्ही हातांत अधांतरी धरली आणि प्रत्येक खड्ड्याला ते सीटवरून अर्धे उठत होते, म्हणजे धक्का त्यांच्या गुडघ्यांना बसावा, पिशवीला नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "पापड होत का भाऊ?" ते म्हणाले, "हो. लवकर तुटतात." घरी पोचेपर्यंत माझेच हात दुखायला लागले होते.

उन्हाळ्यात तर घरात कोणाला चैन नसे. आमच्याकडे मे महिन्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. काका तबकड्यांच्या खोलीला वाळ्याचा पडदा लावायचे, दर तासा-दीड तासाने त्यावर पाणी मारायचे. काकू बाजूच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी. एकदा मी म्हटलं, काकू, तुम्ही तरी त्या खोलीत येऊन बसा थोडा वेळ. त्या भाकर उलटत म्हणाल्या, "मी वाकली तं चालते. तवा वाकला नाही पायजे." तबकडीला त्या तवा म्हणत.

हे सगळं मी हसत सांगू शकते. यापुढचं तसं नाही.

एका वर्षी पावसाळा लागता लागता काका म्हणू लागले की आवाज मेला. तंबोऱ्याच्या तारेत जो बारीक झणकार असतो, तो सरोदच्या तबकडीतून गेला. त्यांनी सुई बदलली. मग वायरी बदलल्या. अँप्लिफायर गोधडीत गुंडाळून नागपूरला नेला. तिथल्या माणसाने तो उघडून, तपासून, काही बिघाड नाही म्हणून परत दिला. त्याला यातलं काही समजत नाही, असं काकांनी ठरवलं. मग एकेका तबकडीतून झणकार जाऊ लागला. काका भिंतींना हात लावून ओल बघायचे. बुरशी असेल, म्हणायचे. गावात मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला होता, त्याच्याकडे अंगणातून टक लावून बघायचे.

संध्याकाळी मला हाक यायची. "मॅडम, खाली या. आयका." मी बसायची. "तंबोरा येऊन राहिला?" येतोय, मी म्हणायची. "वरची तार?" तीही येत होती. "कशी येते? मेल्यासारखी येते का?" मला तबकडीत काही फरक वाटत नव्हता. पण मी कोण सांगणार? मलाच नीट ऐकू येत नसेल, असं मी स्वतःला समजावायची.

मग एकदा संध्याकाळी आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. धानाची रोवणी संपत आली होती, शेतांतल्या बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या आणि रातकिड्यांनी असा गलका मांडला होता की बोलायला आवाज चढवावा लागत होता. काका अंधाराकडे बघत म्हणाले, "यंदा रातकिडे काहून नाहीत? औषधं मारून मारून सारे संपवले लोकाईनं."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान नाही म्हणून हलवली, अगदी थोडी.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी स्वयंपाकघरात गेले. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मले माहीत हाये. कुकरची शिट्टी आयकू येत नाही त्याईले. दारावर माणूस हाक मारून जाते. पण बोलजो नोको, पोरी. ह्याईचं दुसरं काहीच नाही. हे समजलं तं थे जेवाचे बंद होतीन."

मी बोलले नाही. पण वर्गात शिकवताना मधेच शब्द अडायचे. जिना चढताना वाटायचं, आज विचारतील. आणि ते विचारायचेच.

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. शाळा लवकर सुटली होती. घरी आले तर ओसरीवर खोकी ठेवलेली. काका म्हणाले, सगळा साठा गेला, बुरशीने खाल्ला, भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याला निरोप दिला आहे, त्याने मोडीत घेऊन जावं. मांडीवर सरोदवाल्याची तबकडी होती आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर. मी विचारलं, हे कशाला?

"थो विकेल कोणाले तरी. खराब आवाज कोणाच्या घरी गेला नाही पायजे. रेघ मारून देतो."

बाजूला एक तबकडी पडली होती. तिच्यावर मधोमधपासून काठापर्यंत पांढरी चीर होती. काकू दाराशी उभ्या होत्या. या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

"काका, ती तबकडी चांगली आहे," मी म्हटलं. मग पुन्हा, मोठ्याने म्हटलं. "सगळ्याच चांगल्या आहेत. मला सगळं ऐकू येतं. वरची तारही. रातकिडेसुद्धा खूप होते यंदा. तुम्हाला ऐकू येत नाही, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावतील, खोली सोडा म्हणतील, काहीही होईल असं वाटत होतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि इंजिनिअरसारखं विचारलं, "कोणता कान?"

मला कसं माहीत असणार? त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, एका कानाला लावलं, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. शेवटी घड्याळ काकूंच्या कानाला लावून विचारलं, "चालू आहे?" काकू म्हणाल्या, "चालू हाये."

ते उठून आत गेले. दुपारचं जेवले नाहीत. रात्रीचंही.

भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं एसटीने गेलो. तपासणी झाली. वयाने होतं, दोन्ही कान गेले आहेत, बारीक आवाज आधी जातात, परत येत नाहीत, असं डॉक्टरने कागदावरची उतरती रेघ दाखवून सांगितलं. यंत्र लावून दिलं. काकांनी विचारलं, "ह्या यंत्राचा आवाज कसा आहे?" डॉक्टरला प्रश्न कळला नाही. म्हणाला, सवय होईल.

बसस्टँडवर काकू म्हणाल्या, "चहा घेता काय?" काका दचकले. यंत्राच्या जागी हात नेऊन म्हणाले, "तू पत्र्याच्या डब्यातून बोलून राहिली." मग बसचा हॉर्न वाजला आणि त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं.

बस यायला वेळ होता. बाकावर बसून ते नेहमीपेक्षा मोठ्याने बोलू लागले. आजूबाजूची माणसं बघत होती, त्यांना भान नव्हतं. त्यांच्या लहानपणी गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, दूरचे गवई यायचे. यांच्या वडिलांना त्या घरात जायला मनाई. ते मागच्या भिंतीला पाठ लावून बाहेर उभे राहत, पोराला खांद्यावर घेऊन. "गाणं नीट येत नव्हतं मॅडम. भिंतीतून फक्त तंबोरा यायचा. बाप म्हणे, आयक, आत काहीतरी मोठं चालू आहे. पुढं त्यानं दीक्षा घेतली, मले शिकवलं. पहिल्या पगारात मी प्लेअर घेतला. मनात एकच होतं, मधात भिंत नाही पायजे." मग म्हणाले, "बाप बाहेर उभा होता. पण त्याचे कान चांगले होते."

बस लागल्यावर काकूंनी हात धरून त्यांना वर चढवलं.

त्यानंतर ती खोली बंद झाली. भंडाऱ्याचा व्यापारी आला, त्याला काकूंनी चहा देऊन परत पाठवलं. खोकी उचलून आम्ही दोघींनी आत ठेवली. काका सकाळी निघायचे आणि कालव्याच्या कडेने चालत राहायचे. यायला उशीर झाला की काकू अंगणात येरझारा घालायच्या, आणि मी वर, खिडकीशी. पाण्याजवळ जाऊ नका, असं त्यांना सांगणार कोण, आणि ऐकू कसं जाणार? गिरणी बंद असलेल्या दिवशी घर फार शांत वाटायचं. मला टाचा टेकवून चालता आलं असतं. मी चवड्यांवरच चालायची.

पुढचा पावसाळा आला. एका रविवारी दुपारी काकूंनी मला खाली बोलावलं. खोलीचं कुलूप त्यांनी काढलं होतं. आत दमट वास होता. त्या म्हणाल्या, "ओल लागून राहिली. आता खरंच बुरशी येईन. थे मशीन कसं लावतात, तुले येते काय?"

मी कितीदा पाहिलं होतं, पण हात कधी लावला नव्हता. आम्ही एक तबकडी पुसली. काकूंनी ती पदरात धरून आणली, एखादं तान्हं आणावं तशी. सुई खाली ठेवताना काकूंनी माझं मनगट धरलं. खर्रकन आवाज झाला, आणि मग एक बाई गाऊ लागली.

काका कधी आले, कळलं नाही. दारात उभे होते, चपला ओल्या. त्यांना गाणं ऐकू येत नसावं. फिरणारी तबकडी दिसत होती. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "सुई पुसली होती काय?"

"नाही," मी मान हलवून म्हटलं.

ते आत आले. खिशातून डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली. मग काकूंकडे वळले. "काय येऊन राहिलं?"

"बाई गाऊन राहिली," काकू त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या.

"थे समजलं. मागं काय आहे?"

"तंबोरा हाये."

"किती लांब?"

मला कधी या प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नव्हतं. काकूंनी जरा विचार केला. "अंगणातून तुम्ही हाक मारता अन् मी चुलीपाशी असते, तेवढा."

"अन् तबला?"

"थो जवळ हाये. ह्या गुडघ्यापाशी."

काका काकूंच्या गुडघ्याकडे बघत राहिले. "तुले कसं समजते हे?"

"आयकतच आली ना. तिकडून," काकूंनी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे हात केला. "ह्या खोलीत मी कधी बसली? खुर्ची एकच हाये."

खुर्चीवर पुस्तकं होती, ती काकांनी खाली काढली, खुर्ची शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाले, "बस." स्वतः खाली फरशीवर बसले. काकू अवघडून, काठावर बसल्या, आणि तबकडीची ती बाजू संपेपर्यंत हलल्या नाहीत.

त्यानंतर दुपारी ती खोली पुन्हा उघडू लागली. घरात वावरताना काका यंत्र लावत, कारण काकूंची हाक ऐकू यायला हवी होती. त्या खोलीत मात्र काढून ठेवत, आणि काकू त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगायच्या. वर माझ्या खोलीत गाण्यापेक्षा त्या दोघांचं बोलणंच जास्त यायचं. "आता?" "आता खाली उतरली." "सरळ उतरली का वळणानं?" "वळणानं. आता मले कुकर लावू द्या." काळजी गेली नव्हती. व्होल्टेज बघणं तसंच, गिरणीला बोल लावणं तसंच. आता त्यात काकूंच्या कानांची काळजी वाढली. भांडी घासताना जोरात आपटायची नाहीत, कानात तेल घालायचं नाही, असे नवे नियम आले. काकू ते अर्धेच पाळायच्या.

माझी बदली पवनीला झाली. निघायच्या दिवशी सामान रिक्षात ठेवून मी निरोप घ्यायला खाली गेले. एसटीची वेळ झाली होती, बस चुकेल म्हणून जीव वरखाली होत होता. दोघं खोलीत होते, त्या गाणाऱ्या बाईची तबकडी सुरू होती. मी दारातून "काकू" म्हटलं. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला, थांब म्हणून.

मी थांबले. काका फरशीवर बसले होते, मान खाली. त्यांना गाण्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. एक बोट गुडघ्यावर हलत होतं.

"आता थे श्वास घेईन," ते म्हणाले.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तान लांबत गेली, लांबत गेली. मग थांबली.

"घेतला," काकू म्हणाल्या.